भाकड गायींची गोशाळा चालवताना: जूनच्या तोंडावर गंजीत किती?

माणदेशात गोशाळा काढायची म्हटलं की गावकीच्या बैठकीत पहिली चर्चा शेडची होते. पत्रा किती लागेल, खांब किती, देणगीदाराची पाटी कुठे लावायची. शेड उभी राहते, कारण तिच्यावर नाव लिहिता येतं. कडब्यावर नाव लिहिता येत नाही, म्हणून त्याला देणगीदार मिळत नाही. गायी दगावतात त्या मात्र मे-जूनमध्ये वैरण सरल्यावर आणि पावसाच्या पहिल्या झडीत. मुंबईत भुलेश्वरला १८३४ साली पांजरपोळ सुरू झाला, त्याच्यामागे व्यापारी पेठेचा पैसा होता. खेड्यातल्या गोशाळेमागे फक्त रब्बीची ज्वारी असते, आणि ती दर वर्षी पिकतेच असं नाही.

म्हणून आमच्या समितीने हिशोब उलटा धरला. रब्बीची काढणी आटोपली की मार्चअखेर गंज्या, म्हणजे कडब्याचे रचलेले ढीग, मोजायच्या आणि पुढच्या वर्षभरात किती जनावरं सांभाळता येतील तो आकडा तिथेच ठरवायचा. गोठ्यात जागा असली तरी त्या आकड्याच्या वर जायचं नाही. हा नियम पाळणं सगळ्यात अवघड जातं, कारण दारात गाय घेऊन उभा असलेला माणूस बहुधा भावकीतला किंवा सोयऱ्यातला असतो.

आकडा काढायला आधी जनावराचं वजन हवं. वजनकाटा नसेल तर शिवणाची टेप पुरते. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचांत घ्यायचा, खांद्याच्या सांध्यापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी घ्यायची. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, की वजन किलोत येतं. घेर ६० आणि लांबी ५२ असेल तर साधारण २८४ किलो. आपल्याकडची थकलेली खिलार गाय याच्या आसपास भरते. भाकड जनावराला वजनाच्या अडीच टक्के कोरडा चारा धरला तर दिवसाला ७ किलो होतो. त्यातला ५ किलो कडबा, उरलेला भाग वाढे (उसाचे हिरवे शेंडे), भुसकट, हिरवा चारा आणि थोडी पेंड यांतून भागवायचा. १०० जनावरांना ५ किलोप्रमाणे वर्षाला १८२ टन कडबा लागतो. नासधूस धरून २०० टन. पेंढी दीड किलोची असेल तर १ लाख ३३ हजार पेंढ्या.

‘दीड किलोची असेल तर’ हे महत्त्वाचं. कडबा शेकड्यावर विकला जातो आणि पेंढी एक किलोपासून दोन किलोपर्यंत कशीही बांधलेली असते. शेकड्याला स्वस्त पडलेला कडबा किलोला महाग निघू शकतो. ट्रॉली आली की वरच्या थरातल्या पेंढ्या बाजूला करून मधल्या दहा उचलून तोलायच्या आणि भाव किलोवर बोलायचा. विकणारा कुरकुरतो, पण पुढच्या वर्षी तो पेंढ्या जाड बांधून आणतो. खरेदी फेब्रुवारी-मार्चमध्येच. कोरड्या वर्षी तोच कडबा जूनमध्ये दुप्पट भावानेही मिळत नाही, कारण तोवर दूधवाल्यांनी तो उचललेला असतो. दूधवाल्याच्या खिशाशी आपण बरोबरी करू शकत नाही.

गंजी रचताना खाली दगड किंवा जुनी लाकडं टाकून वीतभर उंची घ्यायची, माथा उतरता ठेवायचा आणि वरून ताडपत्री दोरांनी आवळायची. सगळा कडबा एका जागी कधीच नको. दोन किंवा तीन गंज्या, मध्ये चांगलं अंतर, वरून विजेची तार जाणार नाही अशी जागा. एका ठिणगीने वर्षाची वैरण जाते. भिजून काळी-पांढरी बुरशी धरलेली पेंढी धुऊन-वाळवून घालायचा मोह होतो, तो टाळायचा. म्हाताऱ्या जनावराचं यकृत आधीच थकलेलं असतं, बुरशीचं विष त्याला पेलत नाही. असा कडबा थेट खतात.

कुट्टी यंत्र ही चैन नाही. अख्खी पेंढी टाकली की जनावर पाला खातं, बुडखे पायाखाली तुडवतं आणि गव्हाणीत चगळीचा ढीग साठतो. दोन-तीन सेंटिमीटरची कुट्टी केली की ही नासाडी बरीचशी थांबते. दात झिजलेल्या गायीला तर कुट्टीशिवाय पर्यायच नाही. ओळखायची खूण सोपी आहे: गव्हाणीजवळ अर्धवट चघळलेल्या चोथ्याचे गोळे पडलेले दिसतात. तोंड चालतंय पण दाढा चालत नाहीत. अशा गायींची वेगळी दावण करायची आणि त्यांची कुट्टी तासभर पाण्यात भिजवून, वर भिजवलेली पेंड आणि चिमूटभर मीठ टाकून द्यायची. दाती जुळलेल्या धडधाकट बैलांबरोबर त्यांना ठेवलं तर त्या उपाशी मरतात आणि गव्हाण तर भरलेली दिसते.

उसाचे वाढे फलटण-कराडकडून गळीत हंगामात स्वस्त मिळतात आणि ते सगळ्यांनाच सोपे वाटतात. त्यात ऑक्झलेट असतं, ते अंगातला कॅल्शियम खेचतं. नुसत्या वाढ्यांवर दोन-तीन महिने काढलेली जनावरं हाडांनी कमजोर होतात आणि बसली की उठत नाहीत. दिवसाला दहा-पंधरा किलोच्या वर वाढे नकोत, त्यावर चुन्याची निवळी शिंपडायची आणि सोबत कडबा किंवा भुसकट हवंच. खनिज मिश्रणाचं माप ठरवून द्यायचं: मोठ्या जनावराला रोज ५० ग्रॅम.

हिरव्या ज्वारीची भीती प्रत्येक गवळ्याला माहीत आहे, पण दान देणाऱ्याला नसते. पावसाने ताण दिलेली, गुडघ्याएवढी कोवळी ज्वारी कुणी प्रेमाने ट्रॉली भरून आणून टाकतो. तिच्यातलं सायनाइड तासाभरात जनावर पाडतं, याला किराळ लागणं म्हणतात. फुलोऱ्यात आल्याशिवाय ज्वारी घ्यायची नाही, आणि हे फाटकावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवायचं. डॉक्टरांकडे सोडियम थायोसल्फेट आहे का, हे खरिपाच्या सुरुवातीलाच विचारून ठेवलेलं बरं.

मुरघास, म्हणजे हवाबंद आंबवलेला हिरवा चारा, जमला तर सोनं. मका दाणा दुधातून चिकात जाताना कापायचा, बारीक कुट्टी करायची, हवा राहणार नाही असं तुडवून बंद करायचं आणि दीड महिना हात लावायचा नाही. दात नसलेल्या गायीला तो कडब्यापेक्षा सोसतो. पाण्यावर वाढवलेला अझोला आणि ट्रेमधला हिरवा चारा यांचे प्रयोग पाहायला लोक येतात, फोटो छान निघतात. भाकड जनावरांच्या गोशाळेत त्यावर खर्च होणारं पाणी आणि मजुरी कडब्यात घातलेली बरी, असं आमचं मत आहे.

आत घेताना

१९७६ च्या राज्य कायद्याने गाय कत्तलीपासून वाचली होती. १९९५ च्या दुरुस्तीला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैल-वळूही त्यात आले. शेतीत ट्रॅक्टर आला, जर्सी-होल्स्टीन संकरातल्या गोऱ्ह्यांना औताला कुणी जुंपत नाही. म्हणून आता गोशाळेच्या दारात गायींच्या बरोबरीने नर येतात. त्यांच्यासाठी वेगळा वाडा लागतो, तो आधी बांधून ठेवायचा. माजावर आलेली एक गाय आणि मोकळे चार खोंड एकत्र असले की दोन म्हाताऱ्या गायींच्या बरगड्या मोडतात. शिवाय आपल्याच गोशाळेत वासरं वाढायला लागतात. आलेला प्रत्येक नर पशुवैद्यकाकडून बर्डिझोच्या चिमट्याने खच्ची करून घ्यायचा. यावर समितीत भावनेचा वाद होतो, पण तो पहिल्या वर्षीच मिटवावा.

जनावर आत घेण्याआधी चार कागद: मालकाचं स्वखुशीचं दानपत्र, ग्रामपंचायतीचा दाखला, कानातल्या बारा अंकी बिल्ल्याचा क्रमांक आणि दोन्ही बाजूंनी फोटो. बिल्ला नसेल तर पशुसंवर्धनाच्या दवाखान्यातून मारून घ्यायचा आणि भारत पशुधन प्रणालीवर मालकी बदलून घ्यायची. हे राहिलं की पुढे अनुदानाच्या वेळी जनावर गोठ्यात आहे पण कागदावर नाही अशी अवस्था होते. गाडीतून आणायचं असेल तर पशुवैद्यकाचा वाहतूक दाखला आणि गोशाळेचं पत्र चालकाच्या हातात हवं. कागद नसले की रस्त्यात गाडी अडते, मग ती कोण अडवतं याला महत्त्व राहत नाही, जनावर उन्हात तिष्ठत राहतं.

मालकाकडून आम्ही गायीमागे कडबा घेतो, पैसे नाही. कुवत असलेल्याने दर वर्षी, नसलेल्याने एकदाच. गाय सोडणं अगदी फुकट असलं की गावातला प्रत्येक भाकड गोठा इथे रिकामा होतो. ज्याने कडबा दिला तो अधूनमधून गाय बघायलाही येतो.

पोलिसांनी पकडलेली जनावरं मुद्देमाल म्हणून येतात, त्यांची रीत वेगळी. ती आपल्या मालकीची नसतात. न्यायालयाच्या हुकुमाशिवाय ती कुणाला देता येत नाहीत, त्यांचा वाडा आणि नोंदवही वेगळी ठेवायची. २०१७ च्या केंद्रीय नियमांत त्यांच्या देखभालीचा खर्च संबंधितांकडून वसूल करण्याची तरतूद आहे. पण त्यासाठी पहिल्या दिवसापासून दररोजचा चारा, औषध, मजुरी यांचा हिशोब पावत्यांसह लागतो. मागाहून तयार केलेला हिशोब वकील दोन प्रश्नांत मोडतो. एका रात्रीत वीस-पंचवीस जनावरं उतरवली जातात. त्यामुळे मार्चच्या आकड्यातून तेवढी जागा आधीच राखून ठेवावी लागते.

नवं जनावर थेट कळपात सोडायचं नाही. २१ दिवस वेगळं, वेगळ्या बादलीने पाणी, आणि तिकडचं काम कळपाचं काम आटोपल्यावर शेवटी. या काळात गोचीड काढायचे, जंताचं औषध द्यायचं, शेण तपासून घ्यायचं, लसी टोचायच्या. २०२२ मध्ये लम्पीने ज्या गोशाळांमध्ये हाहाकार केला तिथे गर्दी आणि माश्या तर होत्याच, शिवाय नवी जनावरं सरळ आत जात होती. लाळ्या-खुरकूताची लस वर्षातून दोनदा, घटसर्प आणि फऱ्याची पावसाळ्याआधी. बिल्ल्याचा क्रमांक आणि लसीची तारीख एकाच ओळीत लिहायची, नाहीतर कुणाला टोचलं नि कुणाला राहिलं हे महिन्याने सांगता येत नाही.

जमीन, पाय आणि उठवणं

एका मोठ्या जनावरामागे छपराखाली चाळीस चौरस फूट आणि उघड्यावर ऐंशी चौरस फूट जागा धरा, गव्हाण दोन ते अडीच फूट. शेडची लांबी पूर्व-पश्चिम. थकलेली जनावरं दाव्याला बांधू नयेत, मुक्त गोठ्यातच ठेवावीत. खाली सिमेंट कमी, मुरूम जास्त. गुळगुळीत कोब्यावर म्हातारी गाय एकदा घसरली की कंबरेतून जाते. सिमेंट फक्त गव्हाणीपुढे सहा फूट, तेही खरबरीत रेघा ओढलेलं. मुरमाला पाच फुटांस एक इंच उतार पुरतो. पावसाळ्याआधी वरचा चिखलट थर खरवडून नवा मुरूम टाकावा लागतो, हा खर्च अंदाजपत्रकात कुणी धरत नाही.

मऊ जमिनीचा तोटा असा की काम नसलेल्या जनावराचे खूर वाढतात आणि वर वळतात. चाल बिघडते, मग बसणं वाढतं. वर्षातून एकदा खूर कापून घ्यायचे. पावसाळ्यात फाटकाशी पाच टक्के मोरचुदाच्या पाण्याचा उथळ हौद करून त्यातून कळप हाकायचा. जनावरं तहानेली असताना हाकू नयेत, ती ते पाणी पितात.

खाली पडलेली गाय हा खरा अभ्यास आहे. गाय बसली आणि उठत नाही, म्हणजे पहिल्या काही तासांतच तिचा निकाल ठरत असतो. एका कुशीवर पडून राहिल्याने खालच्या पायाचे स्नायू आणि शिरा दबतात. मूळ कारण बरं झालं तरी तो पाय मग उठू देत नाही. म्हणून औषधाच्या आधी जागा बदलायची: कोब्यावरून ओढून नाही, तर जाड ताडपत्रीवर सरकवून मऊ मातीवर किंवा वीतभर वाळू-भुसकटावर. छातीवर बसती ठेवायची, बाजूला भुशाची पोती लावून आधार द्यायचा. आडवी पडू दिली तर पोट फुगतं आणि श्वास अडकतो. दर तीन-चार तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. रात्रीचा माणूस नसेल तर बाकी सगळी व्यवस्था कागदावर राहते. पाणी आणि भिजवलेला चारा तोंडापाशी.

कॅल्शियमची बाटली शिरेतून सोडायची ती डॉक्टरांनीच, सावकाश, हृदयाचे ठोके ऐकत. भरभर सोडलेल्या कॅल्शियमने गाय जागेवर जाते. उठवायला छताच्या तुळईला साखळीची कप्पी आणि छातीखाली व मांड्यांपुढे फूटभर रुंदीचे दोन पट्टे. दोरखंड वापरू नका, तो कातडीत रुततो. उचलल्यावर तिने पायांवर थोडा तरी भार घेतला पाहिजे. ती नुसती लोंबकळत असेल तर लगेच खाली. एका वेळी दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून दोनदा. चारा खाणारी, कान हलवणारी, पाय मारू पाहणारी गाय आठवडाभराने उठल्याचं पाहिलं आहे. पण चारा सोडला आणि पुठ्ठ्यावर जखमा चिघळल्या की नुसता उत्साह काही कामाचा नसतो. तेव्हा डॉक्टरांशी वेदनेबद्दल आणि शेवटाबद्दल स्पष्ट बोलावं लागतं.

वेदनाशामक म्हणून मेलॉक्सिकॅम मागायचं. जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ पासून बंदी आहे, किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकवर २०२३ मध्ये आली. ही औषधं टोचलेलं जनावर मेलं की ते खाऊन गिधाडं मरतात. तरी माणसांच्या दुकानातलं औषध स्वस्त म्हणून आणलं जातं. औषधाच्या कपाटाची किल्ली एकाच माणसाकडे असावी ती यासाठी.

शहरातून आलेल्या गायीचं डावं कोठीपोट दाबून पाहायचं. पुन्हा पुन्हा पोटफुगी, रवंथ कमी, शेण थोडं आणि चिकट, खाणं असूनही बरगड्या वर, असं असेल तर पोटात प्लास्टिक आहे. ते पातळ औषधाने निघत नाही, शस्त्रक्रियाच लागते. आणि ती जनावरात ताकद असेपर्यंतच. महिना-दोन महिने खाऊ घालून मग कापू, असा विचार उपयोगाचा नाही, कारण भरलेल्या पोटात चारा जातच नाही.

म्हाताऱ्या बैलांत शिंगाचा कर्करोग आपल्याकडे बराच दिसतो. बैल डोकं झटकतो, एका बाजूला कलतं धरतो, त्या बाजूच्या नाकपुडीतून रक्ताळलेला, घाण वासाचा स्राव येतो, शिंग बुडाशी गरम आणि सैल लागतं. शिंग लोंबायला लागेपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो. जखमेत किडे पडले तर टर्पेंटाइनचा बोळा, किडे चिमट्याने काढणं, मग धुऊन मलम. पावसाळ्यात हे रोजचं काम आहे.

दानाचं जेवण

वसुबारस, बेंदूर आणि लग्नसराई या तीन वेळा फाटकावर पहारा लागतो. लग्नातला उरलेला भात, बुंदी, पुरणपोळ्या टोपलीने येतात. कडब्यावर जगणाऱ्या गायीने एकदम दोन-तीन किलो शिजलेला भात खाल्ला की कोठीपोट आंबतं. खाणं बंद, आंबूस वासाची हगवण, डोळे खोल, चाल झोकांडी, आणि एक-दोन दिवसांत खेळ संपतो. डॉक्टर येईपर्यंत खाण्याचा सोडा दीड-दोनशे ग्रॅम पाण्यात विरघळवून पाजतात, पण ठसका लागू न देता. लोकांना नाही म्हणण्यापेक्षा पर्याय दिला तर राग येत नाही: फाटकाशी कुट्टीच्या छोट्या टोपल्या ठेवायच्या, पैसे देऊन टोपली घ्या आणि स्वतःच्या हाताने घाला. गूळ सुपारीएवढा. अन्न आणलंच तर ते गांडूळखताकडे.

मेलेलं जनावर

म्हातारी जनावरं घेणाऱ्या गोशाळेत मरतुक असणारच. ती लपवली की अफवा होते, म्हणून महिन्याचे आवक, मृत्यू आणि शिल्लक हे तीन आकडे फलकावर लिहायचे. जनावर अचानक मेलं आणि नाका-गुदातून न गोठणारं काळं रक्त आलं तर फाशी (अँथ्रॅक्स) या रोगाचा संशय धरून कातडी सोडवायची नाही, पोट फाडायचं नाही, डॉक्टरांना बोलवायचं. पुरायला विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब, आठ फूट लांब, सात रुंद, सहा खोल खड्डा. वर चुना आणि मीठ. जेसीबी वेळेवर मिळत नाही आणि पावसात शेतात शिरत नाही, म्हणून मेअखेर दोन-तीन खड्डे खणून कुंपण घालून ठेवायचे. बिल्ला कापून घ्यायचा, वहीला चिकटवायचा आणि प्रणालीवर त्या क्रमांकाची नोंद बंद करून घ्यायची.

पैसा

३० सप्टेंबर २०२४ ला राज्य मंत्रिमंडळाने देशी गायीला राज्यमाता-गोमाता म्हटलं आणि गोशाळांतल्या देशी गायींसाठी रोज ५० रुपये अनुदान ठरवलं. त्यासाठी महाराष्ट्र गोसेवा आयोगाकडे नोंदणी, तीन वर्षांचा अनुभव, किमान ५० गोवंश आणि कानात बिल्ले लागतात. म्हणजे नव्या गोशाळेने पहिली तीन वर्षं याच्यावर भिस्त ठेवायची नाही. अंदाज यायला एक आकडा पुरे: २०१९ च्या दुष्काळात चारा छावण्यांत शासन मोठ्या जनावरामागे दिवसाला १०० रुपयांपर्यंत देत होतं, तरी छावणीचालक परवडत नाही म्हणत होते. आता ५० रुपयांत निम्मा खर्च भागला तरी चांगलं. पैसा हप्त्याने येतो, कडबा मात्र मार्चमध्ये रोखीने घ्यावा लागतो.

शेणाच्या उत्पन्नाबद्दल फार गोड बोललं जातं. १०० देशी जनावरांचं रोज जवळपास एक टन शेण पडतं. त्यातलं निम्मं मुक्त गोठ्यात तुडवलं जातं आणि शेणखत म्हणूनच निघतं. बाकीच्याचं गांडूळखत होतं: दहा फूट लांब, तीन रुंद, दोन खोल वाफा, आधी पंधरा दिवस थंड केलेलं शेण, मग दीड-दोन महिने. डाळिंबवाले ते शेतावरूनच उचलतात. धूप, पणत्या, अर्क यांना मजुरी आणि विक्रीची माणसं लागतात, आणि ती नसतील तर माल कपाटात राहतो. शेणखत द्यायचं आणि बदल्यात कडबा घ्यायचा, हा जुना व्यवहार सगळ्यात स्वच्छ चालतो.

अनुदान देशी गायीला आहे. गोठ्यातल्या म्हाताऱ्या जर्सी-होल्स्टीन संकरित गायी त्यात बसत नाहीत, आणि खातात त्या देशीपेक्षा जास्त. उन्हाळ्यात त्यांना पाणीही ८० लिटरच्या वर लागतं. त्यांच्या कडब्यासाठी आम्ही दूध संकलन केंद्रावर जानेवारीतच यादी लावतो: बिल्ला क्रमांक, वर्षाला लागणाऱ्या पेंढ्या आणि पुढे रिकामी ओळ. ज्यांच्या गोठ्यात अशा गायींनी पंधरा-पंधरा लिटर दूध दिलं ते नाव लिहितात. काही लिहीत नाहीत. फेब्रुवारीच्या शेवटी ज्या ओळी रिकाम्या राहतात तेवढा कडबा समितीच्या खात्यातून घ्यायचा आणि त्या हिशोबाने त्या वर्षी नवी संकरित जनावरं घ्यायची की नाहीत ते ठरवायचं.